डिझेलचा दम

गेल्या मे महिन्यात पुतण्या गाडी घेऊन दारात आला. गाडी म्हणजे आठ वर्षे जुनी डिझेल पिकअप. तिच्यामागे ट्रॉली जोडून तो वीटभट्टीच्या विटा, वाळू, कधी कुणाचे मळणी मशीन ओढतो. अंगणात चहा घेताना म्हणाला, "काका, बेळगावात एकजण कॉम्प्युटर लावून इंजिनाची ताकद वाढवून देतोय. तासाभराचं काम. मग दोन टनांची ट्रॉली घाटात रडवत नाही म्हणे. करून घेऊ का?"

मी लगेच हो म्हटले नाही, की नाही म्हटले नाही. पस्तीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न आमच्या आप्पांनी एका मिस्त्रीला विचारला होता. त्याचे उत्तर आम्हाला फार महाग पडले होते. पुढे त्या निमित्ताने मी या इंजिनाचा इतिहास वाचत गेलो. जर्मनीच्या कारखान्यापासून आमच्या कॅसलरॉकच्या घाटापर्यंत शंभर-सव्वाशे वर्षे माणसे हाच प्रश्न विचारत आली आहेत. तेव्हा पुतण्याला द्यायचे उत्तर जरा सविस्तरच लिहावे असे ठरवले.

*

आमच्याकडची पिकअप आप्पांनी १९८८ साली तिसऱ्या मालकाकडून घेतली. आमच्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडे तेव्हा बहुतेक गावांत भाताची मळणी खळ्यात बैल फिरवून किंवा पेंढ्या आपटूनच होई. गाडीमागे मळणी मशीन जोडून गावोगाव न्यायचे आणि पोत्यामागे दर घेऊन मळून द्यायचे, असा आप्पांचा बेत होता. मशीन हजार किलोंचे. गाडी, डिझेलचे कॅन, पट्टे आणि आम्ही चौघे मिळून दोन टन. सपाटीला काही वाटत नसे. पण जांबोटीच्या पुढे कणकुंबीच्या रस्त्याला लागलो की एक चढ असा होता की गाडी पहिल्या गिअरमध्येही गुडघे टेकायची. मग आम्ही दोघे भाऊ उतरून मागच्या चाकाला दगड लावायचो, आप्पा क्लच सोडायचे, गाडी दोन हात पुढे जायची, पुन्हा दगड.

रस्त्याकडेच्या गॅरेजात एक मिस्त्री होता. त्याने बोनेट उघडून, इंजिन फिरवून ऐकले आणि मान हलवली. "मालक, गाडीला दमच न्हाई. दम्म इल्ल." आमच्या भागात हा शब्द मराठीतही चालतो, कानडीतही. दोन्हीकडे त्याचे अर्थ दोन: श्वास आणि ताकद. मिस्त्रीला ताकद म्हणायचे होते. तो नकळत खरे रोगनिदान करून बसला होता, हे कळायला मला पुढे बरीच वर्षे लागली. औषध मात्र त्याने वेगळेच दिले. डिझेल पंपाला एक सील केलेला स्क्रू असतो. पंपाने एका वेळी जास्तीत जास्त किती डिझेल सोडायचे ते तो ठरवतो. मिस्त्रीने सीलची तार तोडली आणि स्क्रू दीड फेरा फिरवला.

गाडी चढ चढली. मागे वळून पाहिले तर काळ्या धुरात रस्ताच दिसेना. आप्पा खूश झाले. डिसेंबरभर आम्ही सात-आठ गावे केली. जानेवारीत, मळणी ऐन रंगात असताना, चढाच्या मध्यावर इंजिनातून हातोडी आपटल्यासारखा आवाज आला आणि गाडी थांबली. हेड उघडले तेव्हा एका पिस्टनच्या माथ्याला मेण वितळावे तसा खड्डा पडला होता. दुरुस्तीत त्या सुगीची कमाई गेली आणि वर आईच्या बांगड्या गेल्या. आप्पा त्यावर एक शब्द बोलले नाहीत. त्यांचे न बोलणेच आम्हाला जास्त लागले.

*

आता मुळापासून पाहू. ओढ आणि अश्वशक्ती या दोन गोष्टी आपण एकच समजतो. त्या एक नाहीत. पंचाहत्तर किलोंचे ओझे एका सेकंदात एक मीटर उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती. यात वेळ आली, म्हणजे वेग आला. ओढ म्हणजे मात्र चाकाला मिळणारा निव्वळ पीळ. नांगराचा बैल आणि शर्यतीचा बैल यांतला फरक शेतकऱ्याला सांगावा लागत नाही.

आमच्या चढाचे गणित पाहा. तीन टन वजन सपाट डांबरी रस्त्यावर ढकलत ठेवायला साठेक किलोंचा जोर पुरतो. बारा फुटांत एक फूट असा चढ लागला की त्याच वजनाला आणखी अडीचशे किलोंचा जोर हवा. सपाटीच्या पाचपट काम एकदम अंगावर येते. शिवाय आपला हा भाग समुद्रसपाटीपासून अडीच हजार फूट उंच, म्हणजे इथली हवा गोव्याच्या किनाऱ्यापेक्षा सात-आठ टक्के विरळ. साध्या इंजिनाचा दम घाटमाथ्यावर तेवढाच कमी होतो.

डिझेल इंजिनात हवेला एवढे महत्त्व का, ते त्याच्या जन्मकथेतच आहे. रुडॉल्फ डिझेल हा १८५८ साली पॅरिसमध्ये जन्मलेला जर्मन अभियंता. हवा अतिशय दाबली की ती इतकी तापते की तीत सोडलेले इंधन ठिणगीवाचून पेटते, या तत्त्वावर त्याला १८९३ साली पेटंट मिळाले. त्याच वर्षी ऑग्सबर्गच्या कारखान्यात पहिली चाचणी झाली. तीत दाब मोजण्याचे यंत्र फुटले आणि डिझेल थोडक्यात बचावला. चार वर्षांनी, १८९७ साली, त्याचे इंजिन प्राध्यापकांच्या देखरेखीखाली चालवून पाहिले तेव्हा इंधनातल्या उष्णतेपैकी सव्वीस टक्के उष्णता कामाला लागली. त्या काळच्या वाफेच्या यंत्रांना दहा टक्के साधले तरी पुष्कळ झाले असे मानत. डिझेलला त्या कीर्तीचा उपभोग फार मिळाला नाही. सप्टेंबर १९१३ मध्ये इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून तो रात्री नाहीसा झाला.

त्याच्या इंजिनाचा एक गुण असा, की पेट्रोल इंजिनासारखी त्यात हवा रोखणारी झडप नसते. प्रत्येक वेळी सिलिंडर जमेल तेवढी हवा ओढून घेतो. ताकद कमीजास्त होते ती फक्त इंधन कमीजास्त करून. मोह उपजतो तो इथेच: हवा तर भरपूर आहे, मग इंधन वाढवा! पण एक किलो डिझेल जाळायला साडेचौदा किलो हवा लागते, आणि ती काठोकाठ पुरत नाही. फवारा आणि हवा नीट मिसळायला क्षणाचाही छोटा अंश मिळतो, म्हणून प्रत्यक्षात अठरा-वीस किलो हवा असावी लागते. त्याच्याखाली गेलात की अर्धवट जळलेला कोळसा काळा धूर होऊन बाहेर पडतो आणि आतली उष्णता वाढत जाते. पिस्टन ॲल्युमिनियमचा, आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. आमच्या मिस्त्रीने गाडीला जेवण वाढवले होते, श्वास वाढवला नव्हता.

पंपाला सील असते ते याचसाठी. पहिल्या इंजिनांत डिझेल आत फवारायला दाबलेल्या हवेचा अवजड संच लागे, त्यामुळे ती कारखान्यात नाही तर बोटीतच शोभत. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९२७ पासून छोटा, नेमके माप देणारा पंप मोठ्या संख्येने काढला तेव्हा डिझेल ट्रकमध्ये बसण्याजोगे झाले. हाच पंप पुढे बंगळुरात बनू लागला. १९५१ साली स्थापन झालेल्या त्या कंपनीचे मायको हे नाव आपल्याकडच्या प्रत्येक गॅरेजवाल्याच्या तोंडी बसले. त्या पंपाचे माप केसाएवढे बारीक. ते स्क्रू ड्रायव्हरने आणि कानाने ठरवायचे नसते, हे आम्ही पिस्टन वितळवून शिकलो.

*

श्वास वाढवायचा कसा, याचे उत्तर आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ सालीच पेटंट करून ठेवले होते. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त धुरात पुष्कळ ताकद फुकट जाते. त्या धुराने एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून सिलिंडरात कोंबावी. हाच टर्बो. कल्पना सोपी, पण तेवढी उष्णता सोसून तेवढ्या वेगाने फिरेल असा धातू आणि बेअरिंग मिळायला वीस वर्षे गेली. १९२६ च्या सुमारास 'प्रॉयसन' आणि 'हान्झेश्टाट डांझिग' या दोन जर्मन प्रवासी बोटींवर तो बसला. दहा सिलिंडरांचे तेच इंजिन १७५० अश्वशक्तीचे २५०० चे झाले. सिलिंडर वाढला नाही, लांबीरुंदी वाढली नाही, दम वाढला.

हे बोटींचे झाले. पण हाच धडा आपल्या दारातूनही रोज जात होता. कॅसलरॉक ते कुळे हा रेल्वेचा घाट सदतिसाला एक चढाचा, म्हणजे गाडीच्या प्रत्येक टनामागे सत्तावीस किलोंचा जादा जोर. हा मार्ग १८८८ च्या सुमारास गोव्याला जोडला गेला, तेव्हापासून तिथे गाडीला जादा इंजिने जोडून चढवण्याची रीत आहे. लहानपणी दूधसागरकडे जाताना आम्ही इंजिने मोजायचो. जादा बैल जुंपणे हा ओढीचा सगळ्यात जुना उपाय.

दुसरा उपाय रेल्वेने आपल्या इंजिनांच्या पोटात केला, आणि पुतण्याने लक्ष द्यावे ते इथे. अमेरिकेच्या आल्को कंपनीच्या आराखड्याची डिझेल इंजिने आपल्याकडे १९६२ पासून आली. १९६४ पासून ती वाराणसीला बनू लागली. सोळा सिलिंडर, टर्बो आणि २६०० अश्वशक्ती. पुढे तीच जुनी इंजिने पटियाळ्याच्या कारखान्यात पूर्ण उलगडून पुन्हा बांधली जाऊ लागली, आणि त्यातली बरीच ३१०० अश्वशक्तीची होऊन बाहेर पडली. ठोकळा तोच, सिलिंडर तेवढेच, ताकद जवळजवळ एक पंचमांश जास्त. पण त्यासाठी काय काय बदलले ते पाहा: जास्त कार्यक्षम टर्बो, दाबून तापलेली हवा थंड करणारा मोठा कूलर, मोठे इंधनपंप, आणि वाढीव उष्णता सोसणारे पोलादी माथ्याचे पिस्टन. नुसता स्क्रू फिरवून पाचशे अश्वशक्ती काढता आली असती तर रेल्वेने पटियाळ्याला कारखाना कशाला घातला असता?

*

रस्त्यावरच्या गाड्यांत ही गोष्ट आणखी जवळची आहे. आपल्या भागाची डिझेलशी ओळख ट्रकआधी पाणी उपसणाऱ्या इंजिनाने झाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावातच सायकलचे दुकान काढले, पुढे चारा कापायची यंत्रे आणि नांगर केले, आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. त्या घराण्याचा ऑइल इंजिनांचा कारखाना पुण्याला निघाला तो १९४६ साली. विहिरीवर तुकतुकणाऱ्या त्या जातीच्या इंजिनांनी शेतकऱ्याला एक गोष्ट शिकवली: जड चाकाचे, सावकाश फिरणारे इंजिन भार पडला तरी बसत नाही.

जीपगाडीच्या डिझेलची वंशावळही शेतातूनच निघते. महिंद्रांच्या भागीदारीत इंटरनॅशनल कंपनीचे बी-२७५ ट्रॅक्टर १९६० च्या दशकात मुंबईला बनू लागले. त्याच कुळातले इंजिन पुढे जीपमध्ये आले. या कुळातल्या मोठ्या भावाचा सिलिंडर साडेतीन इंच व्यासाचा आणि पिस्टनची धाव चार इंचांची. चार सिलिंडरांचे मिळून २५२३ घन सेंटिमीटर होतात. हा आकडा लक्षात ठेवा, कारण ट्रॅक्टर, जीप, बोलेरो आणि पिकअप अशा पिढ्या उलटल्या तरी तो टिकून राहिला आहे. बदलत गेले ते भोवतालचे: आधी साधा श्वास, मग टर्बो, मग संगणकाने मोजून दिलेला डिझेलचा फवारा.

१९८० च्या दशकात जीपगाड्यांत प्यूजो कंपनीच्या परवान्याचे एक हलके डिझेल इंजिन आले होते. ते २११२ घन सेंटिमीटरचे, साठ-बासष्ट अश्वशक्तीचे, आणि त्याची ओढ सुमारे बारा किलोग्रॅम-मीटर. पुढे टर्बो आणि संगणकी फवारा घेऊन आलेल्या बोलेरोच्या २५२३ च्या इंजिनाची अश्वशक्ती त्रेसष्ट, म्हणजे जवळपास तेवढीच. पण ओढ मात्र सुमारे वीस किलोग्रॅम-मीटर, आणि तीही दीड हजार फेऱ्यांच्या आत. कागदावर दोघांची ताकद सारखी, चढावर दोघांत जमीन-अस्मानाचा फरक. गाडी घेताना आपण अश्वशक्ती विचारतो आणि ट्रॉली जोडल्यावर पस्तावतो, ते यामुळे.

*

आप्पांच्या गाडीचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. पुढच्या सुगीआधी आम्ही ती उद्यमबागेतल्या एका वयस्कर मिस्त्रीकडे नेली. माणूस कानडी, बोलायचा मात्र आमच्याहून चोख मराठी. त्याने आधी गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारले, "आप्पा, ही टायरं कुणी घातली?" आधीच्या मालकाने शोभेसाठी मोठी टायरे चढवली होती. चाक मोठे झाले की इंजिनाचा पीळ जमिनीवर पोहोचेपर्यंत पातळ होतो. ही गोष्ट चार वर्षांत आमच्या लक्षात आली नव्हती. मूळ मापाची टायरे बसवली.

मग एअर फिल्टर काढला. तेलाचा होता, आणि त्यात दोन बोटे चिखल. पंप आणि नोझल कॅलिब्रेशनला टेबलावर लावून कंपनीच्या मापावर आणले आणि पुन्हा सील केले. व्हॉल्व्हचे टॅपेट जुळवले. क्लच प्लेट नवी घातली. शेवटी मागचे हौसिंग उघडून त्याने क्राऊन-पिनियन बदलले. आधी आठ दातांच्या पिनियनला एकोणचाळीस दातांचा क्राऊन होता, तिथे त्रेचाळीस दातांचा बसवला. इंजिनाला हात न लावता चाकाची ओढ दहा टक्के वाढली. तेवढाच वेग कमी झाला. "पळायचंय का ओढायचंय, एक काय ते ठरवा," मिस्त्री म्हणाला.

आप्पांनी टर्बोचे विचारले. तेव्हा टर्बोची चर्चा नुकतीच सुरू झाली होती. मिस्त्री हसला. जुन्या इंजिनात हवा आधीच बाविसाला एक अशी दाबलेली, त्यावर आणखी कोंबली तर हेडचे बोल्ट आणि गॅस्केट तो दाब धरत नाहीत. टर्बो सोसणारे इंजिन पिस्टनपासून तसे घडवावे लागते.

पैसे देताना त्याने शेवटचा प्रश्न विचारला. "मशीनला ब्रेक हाय का?" नव्हता. आमच्याकडे कुणाच्याच मशीनला नसे. मला मागच्या वर्षीचा उतार आठवला. तो प्रसंग आम्ही भावांनी घरात कधी सांगितला नव्हता. काळा धूर सोडत वर चढलेली गाडी पलीकडे उतरताना मागचे हजार किलो तिला ढकलू लागले होते. ब्रेकला जळका वास आला, पाय तळापर्यंत गेला. आप्पांनी गाडी डाव्या अंगाच्या मातीच्या बांधावर घातली म्हणून आम्ही थांबलो. बांधाच्या पलीकडे शेणी थापत बसलेल्या दोन बायका होत्या.

मिस्त्रीने मशीनच्या दांड्याला सरकणारा जोड केला. मशीन पुढे ढकलू लागले की दांडा आत सरके आणि त्या सरकण्यानेच मशीनच्या चाकांना ब्रेक लागे. सगळ्या कामात हेच सगळ्यात स्वस्त होते. ती गाडी पुढे अकरा सुग्या चालली. चढावर तिने धावपळ कधी केली नाही. दुसऱ्या गिअरमध्ये, धूर न सोडता, म्हशीसारखी निवांत चढायची. आम्हाला दगड घेऊन उतरावे लागले नाही.

*

तर पुतण्याला माझे उत्तर असे. तुझ्या गाडीला टर्बो आहे, म्हणजे आप्पांच्या गाडीला नव्हता तो श्वास कंपनीनेच तुला दिला आहे. कॉम्प्युटरवाला जे करतो ते त्या जुन्या स्क्रूचेच काम. तो डिझेल वाढवील, टर्बोचा दाबही वाढवील. पण पिस्टन, क्लच, हौसिंग, कूलर आणि ब्रेक आठ वर्षांचे आहेत तेच राहतील. नोंदणीत लिहिल्यापेक्षा गाडी मनाने बदलायला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचीही आडकाठी आहे, आणि अपघात झाला तर विमेवाला पहिले बोट तिथेच ठेवील.

आधी फिल्टर बघ, टर्बोच्या रबरी नळ्या फुटल्यात का बघ, नोझल तपासून घे, टायरांचे माप बघ. गाडीच्या पुस्तकात ओढायचे वजन किती लिहिले आहे ते वाच. दोन टनांची एक खेप एक-एक टनाच्या दोन कर. आणि सगळ्याच्या आधी ट्रॉलीला ब्रेक बसव.

हे सगळे त्याने ऐकून घेतले. "म्हणजे नकोच म्हणता," म्हणाला. मग थोडा वेळ गप्प राहून विचारले, "आजोबांनी बांधावर गाडी घातली, ती जागा कुठली?"

दुसऱ्या दिवशी मी त्याला तिथे घेऊन गेलो. रस्ता आता रुंद झाला आहे, डांबर नवे आहे. बांध मात्र तसाच आहे. त्याने गाडी कडेला लावली, खाली उतरला, चढाकडे पाहिले आणि मग बराच वेळ उताराकडे पाहत उभा राहिला. परत येताना वाटेत उद्यमबागेत थांबून त्याने ट्रॉलीच्या ब्रेकचा भाव विचारला.